जखम, औषध आणि माप

शेतीच्या धंद्यांत जखम ही रोजचीच बाब आहे. विळा बोटास लागतो, बाभळीचा कांटा पायांत मोडतो, जोखडानें बैलाचा खांदा सोलतो, आणि राखणीचा कुत्रा कुंपणाच्या तारेंत पाय फाडून घरीं येतो. अशा वेळीं औषध लावण्याची बुद्धि आतां बहुतेक घरांतून दिसते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु तें किती व कसें लावावें याविषयीं आपण फार बेफिकीर आहों, असें म्हणणें आम्हांस भाग आहे. गुंठ्यागुंठ्याचा हिशेब चोख ठेवणारा खातेदार जंतुनाशकाची बाटली मात्र मापावांचून ओततो, हें महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव हिंडतांना आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

याच्या मुळाशीं एक चुकीची समजूत आहे. जें औषध अधिक झोंबतें तें अधिक गुणकारी, असें आपण धरून चालतों. वस्तुतः जंतूंस मारणारें तीव्र द्रव्य कोंवळ्या मांसासही सोडीत नाहीं. जोसेफ लिस्टर या शस्त्रवैद्यानें १८६७ सालीं कार्बोलिक ॲसिडाचा उपयोग जगापुढें मांडला व त्यामुळें असंख्य प्राण वांचले, हें खरें. तथापि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत शिपायांच्या जखमा तपासणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांस असें आढळलें कीं, खोल जखमेंत ओतलेलें जंतुनाशक सांदीकोपऱ्यांतील जंतूंपर्यंत पोंचत नाहीं. उलट जंतूंशीं लढणाऱ्या रक्तांतील पांढऱ्या पेशींचाच नाश करतें. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं कळलेली ही गोष्ट आपल्या गोठ्यापर्यंत अद्याप पोंचलेली नाहीं.

तेव्हां पहिलें औषध पाणी हेंच होय. रक्ताची धार लागली असेल तर आधीं स्वच्छ फडक्यानें दाबून ती थांबवावी. एरवीं हात साबणानें धुऊन, स्वच्छ वाहत्या पाण्यानें, किंवा उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्यानें, माती निघून जाईपर्यंत जखम धुवावी. जंतुनाशक त्यानंतर. पोव्हिडोन आयोडीन १० टक्क्यांचें असेल तर एक भागास नऊ भाग पाणी घालावें. क्लोरहेक्सिडीन २ टक्क्यांचें असेल तर एक भागास ३९ भाग पाणी घालावें. तें डोळ्यांत व कानांत जाऊं देऊं नये, आणि साबण पुरता धुऊन काढल्यावांचून लावूं नये, कारण साबणानें त्याचा गुण जातो. पोटॅशियम परमँगनेट १० लिटर पाण्यांत १ ग्रॅम पुरे. न विरघळलेला खडा कातडी जाळतो. स्पिरिट उघड्या जखमेसाठीं नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साईड फेंसाळतें म्हणून लोकांस आवडतें. परंतु खोल जखमेंत कोंडलेला त्याचा वायु धोक्याचा असतो, व रोजच्या वापरानें नव्या मांसास इजा होते.

फिनेलविषयीं वेगळें लिहावें लागतें. घरगुती जंतुनाशक पाण्यांत टाकतांच दुधासारखें पांढरें होतें, व फिनेलही होतें. यावरून दोन्ही एकच असें समजून कित्येक जण बैलाच्या खांद्यावर फिनेल ओततात. फिनेल हें फरशीचें व गोठ्याच्या जमिनीचें औषध आहे. तें अंगावर नको. जखमेंत किडे पडले तरी फिनेल किंवा पिकावरचें कीटकनाशक न वापरतां पशुवैद्यास दाखवावें. मांजरास तर पांढरें होणारें तें घरगुती औषधही लावूं नये. फिनॉल जातीचीं द्रव्यें पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या शरीरांत फारच थोडी असते, आणि अंग चाटल्यानें तें विष पोटांत जातें. कुत्र्यासही औषध लावल्यावर जखम चाटूं देऊं नये.

कोणी म्हणेल कीं, वाडवडील शेण, माती व चुना लावीत आले, त्यांस काय झालें? ज्यांस धनुर्वात झाला ते सांगावयास मागें राहिले नाहींत, इतकेंच याचें उत्तर. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांतच असतात. खोल किंवा मळलेली जखम धुऊन झाली तरी धनुर्वाताच्या लसीसाठीं दवाखान्यांत गेलेंच पाहिजे. कुत्रें चावल्यास तिखट, हळद, चुना कांहीं न लावतां साबण व वाहतें पाणी यांनीं १५ मिनिटें जखम धुवावी, आणि त्याच दिवशीं रेबीजची लस सुरू करावी. तेथें केवळ जंतुनाशकावर भरंवसा ठेवणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय.

आपल्या संस्थेस आमची एक सूचना आहे. संस्थेच्या भांडारांतून जंतुनाशकाची बाटली विकली जाईल तेव्हां तिच्यासोबत मापाचें झांकण व ठळक मराठींत छापलेली प्रमाणाची चिठ्ठी द्यावी. सभासदांनींही औषध सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरून ठेवण्याची खोड सोडावी. तहानलेल्या मुलास बाटलींतील भेद कळत नाहीं. बियाण्याचें व खताचें माप आपण शिकलों, तसेंच हेंही शिकतां येईल. त्यास खर्च जवळजवळ नाहीं, आणि वांचणारा जीव आपल्याच घरचा आहे.