सामायिक जग, परकी रात्र

ऑनलाइन भूमिका-खेळांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतांशी व्यसन आणि विद्यार्थ्यांचे वाया जाणारे तास यांभोवतीच फिरते. या खेळांनी नव्याने उभा केलेला एक जुना प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. अनेकांचे सामायिक जग कोणाच्या घड्याळावर चालायचे?

२००३ साली आइसलँडमधील एका कंपनीने आणलेला 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ पाहा. चीनमधील स्वतंत्र आवृत्ती वगळता जगभरचे खेळाडू येथे एकाच अंतराळविश्वात वावरतात आणि सर्वांसाठी एकच वेळ असते : यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आइसलँडची वेळही वर्षभर हीच. तेव्हा तटस्थ भासणारे हे घड्याळ कोणाच्या तरी भिंतीवरचे असतेच.

आणि घड्याळ एक झाले म्हणून रात्र एक होत नाही. न्यूयॉर्कमधील गटाने संध्याकाळी आठला मोहीम ठरवली, तर पुण्यातल्या सोबत्याला ती उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला गाठावी लागते. आपली घड्याळे वर्षभर स्थिर. सरकतात ती तिकडची, आणि दिनक्रम मात्र इकडचा विस्कटतो.

'ईव्ह'मध्ये यावर एक विचारपूर्वक केलेला नियम आहे. शत्रूने तळावर हल्ला केला तरी तो तत्काळ पडत नाही. त्याला काही काळ अभय मिळते आणि पुढची लढाई तळाच्या मालकाने आधी निवडलेल्या वेळेच्या आसपास होते. महिनोन् महिने खपून उभारलेले काही केवळ झोप लागली म्हणून नष्ट होऊ नये, ही त्यामागची न्यायबुद्धी. अर्थात शत्रू गाढ झोपलेला असेल नेमकी तीच वेळ निवडणारेही असतात. झोपेचे रक्षण करणारा नियम अशा रीतीने झोपेवरच चालून जातो.

आपल्याला हा पेच अपरिचित नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' त्या शहरात १९५५पर्यंत टिकून होती. एकच वेळ सोयीची असते, हे कोणीच नाकारत नाही. वाद असतो तो वाकायचे कोणी, याचा.

म्हणूनच वेळांचे रूपांतर करणारे कोष्टक गटाच्या हाती दिले की प्रश्न मिटला, असे मानणे मला पटत नाही. कोष्टक फक्त कोण जागणार ते सांगते. कोणी जागावे, हे सांगत नाही. मोहिमेची वेळ आळीपाळीने बदलावी, लुटीचा वाटा केवळ हजेरीवर ठरवू नये आणि जे संवादातून, लिहून खेळता येते ते प्रत्येकाने आपल्या सवडीने लिहावे, एवढे तरी गटाला नक्कीच करता येईल. ज्या सोबतीत जागरण नेहमी एकाच्याच वाट्याला येते, तिला सोबत म्हणायचे की चाकरी?