क्रमांक नको, पत्ता हवा

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास गेले, त्याचे मूळ नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी नामसाम्य असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई, पत्रे भलत्याच गावी जात. अखेर १९४० साली गावाचे नाव 'सेवाग्राम' असे करण्यात आले. शोधणाऱ्यास सापडावे म्हणून नाव बदलण्यात कमीपणा नाही, हा धडा वर्धा जिल्ह्याने आंतरजालाच्या कितीतरी आधी दिला आहे. मात्र त्या बदलाने एवढेच साधले की गांधीजींचे पत्र गांधीजींना मिळू लागले. दुसऱ्याचे टपाल आपल्या दारी वळविण्याचा तो खटाटोप नव्हता.

शोधयंत्रांच्या यादीतील वरचा क्रमांक कसा टिकवावा, याविषयी सध्या जो काथ्याकूट चालतो त्यात नेमका हाच भेद हरवला आहे. आमचे म्हणणे असे की क्रमांक ही उसनी वस्तू आहे. शोधाचे तंत्र बदलले की ती परत करावी लागते. पत्ता आपला असतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी आग्रह धरावा तो पत्त्याचा.

इतिहास पाहा. आरंभीची शोधयंत्रे पानावरील शब्द मोजत. तेव्हा संकेतस्थळांच्या मालकांनी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्दांच्या राशी लपविल्या. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'पेजरँक' पद्धत मांडली. तिची मूळ कल्पना आपल्याच व्यवहारातली, संशोधनातील संदर्भांची: ज्याचा उल्लेख मान्यवर करतात तो मोठा. लगेच दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली आणि परस्परांची पाठ थोपटणाऱ्या संकेतस्थळांचे कळप उभे राहिले. पानाच्या पोटात दडविलेली 'कीवर्ड'ची यादी आपण क्रम लावताना विचारात घेत नाही, असे गूगलने २००९मध्ये जाहीर केले. २०११च्या 'पांडा' बदलाने निकृष्ट मजकुराच्या कारखान्यांना आणि २०१२च्या 'पेंग्विन' बदलाने विकतच्या दुव्यांना तडाखा दिला. प्रत्येक वेळी कालचे चातुर्य आज अपराध ठरले. तरीही धंदा थांबला नाही, युक्ती तेवढी बदलली. ज्यांचा सारा पुरुषार्थ मापकास फसविण्यात खर्च झाला, त्यांना दर दोन-तीन वर्षांनी पहिल्यापासून आरंभ करावा लागला.

मराठीत या धंद्याने एक नवा गद्यप्रकारच जन्मास घातला आहे. 'नई तालीम म्हणजे काय, नई तालीम मराठी माहिती, नई तालीम निबंध, नई तालीम भाषण' ही एकाच परिच्छेदातली आवर्तने वाचकासाठी नाहीत, यंत्रासाठी आहेत. वस्तुतः २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षणपरिषदेत सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योगाचे केंद्र असा विचार मांडला गेला, आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. तिथे वाद होता, मतभेद होते, उत्पादक श्रमाविषयी शंका होत्या. निबंधांच्या गिरणीतून बाहेर पडते ते केवळ पीठ: 'गांधीजी थोर होते, म्हणून त्यांची योजना थोर होती.'

परंतु सारा दोष गिरणीवाल्यांच्या माथी मारून साहित्यसंस्थांना हात झटकता येणार नाहीत. या शतकाच्या आरंभी अनेक मराठी वृत्तपत्रे व संस्था आपला मजकूर खासगी टंकांत प्रसिद्ध करीत. पडद्यावर मराठी दिसे, पण त्यामागे रोमन चिन्हांची खिचडी असे. शोधयंत्रास त्यात एकही मराठी शब्द आढळत नसे. युनिकोड रुळल्यावरही कित्येक अंक केवळ छायाप्रती होऊन राहिले, कित्येक संकेतस्थळांनी नूतनीकरणात जुने पत्ते मोडीत काढले. बारकावा हवा असेल तर 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकात दोन निराळ्या प्रकारे नोंदविता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राने दोहोंची एकवाक्यता केली नाही तर ते दोन वेगळे शब्द ठरतात. शुद्धलेखनावर शतकभर वाद घालणाऱ्या आपल्या समाजाने या प्रश्नाची किती चर्चा केली?

पत्ता म्हणजे काय, हे वर्ध्यातच गोपुरीला जाऊन पाहावे. विनोबांनी १९३०-३१मध्ये रचलेली 'गीताई' तिथल्या गीताई मंदिरात शिळांवर कोरलेली आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा सत्तेचाळिसावा श्लोक पोथीत असो, छापील पुस्तकात असो, शिळेवर असो की पडद्यावर, अध्याय आणि श्लोक एवढ्या दोन आकड्यांवर तो सापडतो. लेखनाची साधने बदलली, पत्ता बदलला नाही. त्यासाठी श्लोकाला स्वतःची जाहिरात करावी लागली नाही.

यावर आक्षेप येईल की वरचा क्रमांक नसेल तर वाचकच नाही. दहाव्या पानावरचा पत्ता कोण शोधणार? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच आम्ही अज्ञातवासाची महती गात नाही. नेमके शीर्षक देणे, शब्दाची रूढ रूपे नोंदविणे, मोबाइलवर पान नीट उघडेल असे पाहणे हे सारे सेगावचे सेवाग्राम करण्यासारखे आहे. ते अवश्य करावे. निकष एकच: ही दुरुस्ती शोधयंत्र उद्या बंद पडले तरी वाचकाच्या उपयोगी पडेल काय? पडत असेल तर ती संपादन आहे, नसेल तर ती लबाडी आहे. साध्य-साधनांचा विवेक शिकविणाऱ्या जिल्ह्यात हे फोड करून सांगावे लागू नये.

आता तर क्रमांकाचाच पाया खचतो आहे. ऑगस्ट २०२४पासून गूगलने भारतात इंग्रजी व हिंदीतून शोधाच्या माथ्यावर यंत्ररचित सारांश देण्यास सुरुवात केली. उत्तर तिथेच मिळाल्यावर वाचक मूळ पानापर्यंत जाईलच असे नाही. मग पहिला क्रमांक घेऊन करावयाचे काय? पण सारांश ज्या मजकुरातून रचला जातो त्याचे महत्त्व मात्र वाढते. मूळ कागद यंत्रास वाचता येत नसतील आणि निबंधांचे पीठ मुबलक असेल, तर उद्याच्या विद्यार्थ्यास नई तालीम म्हणून ते पीठच मिळेल, आणि तेही अधिकारवाणीने.

म्हणून मराठी विभागांना आमचे सांगणे आहे. वर्ध्याच्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने 'हिंदीसमय' या संकेतस्थळावर हिंदी साहित्याच्या संहिता वाचकांपुढे ठेवल्या. ते उदाहरण समोर आहे. स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी ग्रंथातील एकेक प्रकरण पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे सोपवावे. त्याने ते युनिकोडमध्ये टंकित करावे, मूळ प्रतीशी ताडून पाहावे. लेखक, आवृत्ती, वर्ष व पृष्ठांक नोंदवावा. संस्थेने त्यास कायमचा पत्ता द्यावा आणि संकेतस्थळ बदलले तरी जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकास नव्या जागी पोहोचवावे. पाठचिकित्सा शिकविण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस ठाऊक नाही. अशा कामाला गुण द्यावेत. 'माहिती' उतरवून आणलेल्या प्रबंधिकांना देणे बंद करावे.