भासानचरचा मौलाना

मौलवी म्हटला की तो प्रतिगामी असणार, असे आपल्या चळवळीतील अनेकांनी मनाशी पक्के करून टाकलेले असते. उलट बाजूला, एखाद्या मौलवीने साम्राज्यशाहीला शिव्या दिल्या की त्याला तत्काळ पुरोगामी ठरवून मोकळे होणारेही आपल्यात आहेत. या दोन्ही प्रकारच्या मित्रांनी मौलाना अब्दुल हमीद खान भासानी यांचे चरित्र एकदा नीट पाहावे, अशी माझी सूचना आहे. हा मनुष्य दोन्ही साच्यांत बसत नाही.

पूर्व बंगालमधील सिराजगंजकडे १८८० साली त्यांचा जन्म झाला. काही काळ ते देवबंदला शिकले, पण त्यांचे खरे विद्यापीठ म्हणजे आसामातील ब्रह्मपुत्रेची वाळवंटे. जमीनदारांच्या जाचाने देशोधडीला लागलेली बंगाली कुळे तेथे जंगल तोडून शेती करीत होती. सरकारने १९२० पासून 'लाइन' पद्धत सुरू केली होती. म्हणजे गावोगाव रेषा आखायची आणि तिच्या पलीकडे परप्रांतीय शेतकऱ्याने वसायचे नाही. या पद्धतीविरुद्ध मौलाना उभे राहिले. धुबरीजवळच्या भासानचर या बेटावर त्यांनी शेतकऱ्यांना संघटित केले आणि त्या बेटाचेच नाव लोकांनी त्यांना दिले. पुढे ते आसाम मुस्लिम लीगचे अध्यक्ष झाले. पण लीगचेच मुख्यमंत्री सादुल्ला शेतकऱ्यांना हुसकावू लागले, तेव्हा स्वपक्षीय म्हणून त्यांनी गय केली नाही. आसामी शेतकऱ्याचीही जमिनीची भूक तितकीच खरी होती, हे मात्र या लढ्यात झाकले गेले. त्या प्रश्नाचे विष आसाम आजही पचवीत आहे.

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात आलेल्या मौलानांचे काम मला सर्वात मोलाचे वाटते. २३ जून १९४९ रोजी ढाक्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली अवामी मुस्लिम लीग स्थापन झाली. १९५२ च्या भाषा आंदोलनात त्यांना तुरुंगवास घडला. १९५४ च्या निवडणुकीत फजलुल हक आणि सुऱ्हावर्दी यांच्याबरोबर त्यांनी संयुक्त आघाडी उभी केली आणि मुस्लिम मतदारसंघांतील २३७ जागांपैकी २२३ जिंकल्या. पाकिस्तान निर्माण करणारी लीग सात वर्षांत एक आकडी संख्येवर आली! १९५५ साली पक्षाच्या नावातील 'मुस्लिम' हा शब्द काढून टाकण्यात आला, तेव्हा पक्षाचे अध्यक्ष हे दाढीवाले, लुंगी नेसणारे, मुरीदांना दीक्षा देणारे पीरच होते. एका धर्मपंडिताने पक्षाचे दार हिंदूंना उघडून द्यावे, याचे मोल धर्मनिरपेक्षतेवरील अनेक ठरावांहून अधिक आहे.

१९५७ च्या फेब्रुवारीत कागमारी येथे त्यांनी पश्चिम पाकिस्तानला बजावले की, शोषण असेच चालले तर पूर्व बंगाल 'अस्सलामु अलैकुम' म्हणून निरोप घेईल. त्या वेळी पंतप्रधान होते सुऱ्हावर्दी, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे नेते. अमेरिकेशी केलेल्या लष्करी करारांवरून दोघांचे फाटले आणि मौलानांनी त्याच वर्षी नॅशनल अवामी पक्ष काढला. सत्ता पदरात पडत असताना तत्त्वासाठी पक्ष सोडणारे नेते आपल्या उपखंडात किती निघतील?

परंतु येथून पुढे हिशेब गुंतागुंतीचा होतो. १९६३ साली ते चीनला जाऊन आले. त्यानंतर चीनशी मैत्री करणाऱ्या अयूबखानांच्या हुकूमशाहीविषयी ते बराच काळ मवाळ राहिले. साम्राज्यशाहीविरोध हेच एकमेव माप धरले की लोकशाही कशी दुय्यम होते, याचा हा ठळक दाखला आहे. १९६७ मध्ये मॉस्को-पेकिंग वादावरून पक्ष फुटला. १९६८-६९ च्या उठावात हाच ऐंशीच्या घरातील वृद्ध घेराओ आणि हरताळांच्या अग्रभागी होता, हेही खरे. पण १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात लक्षावधी माणसे मेल्यावर त्यांनी निवडणुकीतून अंग काढून घेतले. संताप समजण्यासारखा होता. परिणाम असा झाला की पूर्वेकडील १६२ पैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या आणि स्वातंत्र्याच्या घटकेला शेतकऱ्यांचा आवाज विधिमंडळात उरलाच नाही.

१९७१ मध्ये ते भारतात आले. सल्लागार समितीवर त्यांना घेण्यात आले, पण आपल्या सरकारने त्यांना मोकळेपणी हिंडू दिले नाही. पुढे ते भारतावर कडाडून टीका करीत, तिला कित्येकदा जातीय वास येई आणि तो मला खटकतो. तरी १६ मे १९७६ रोजी पंच्याण्णव वर्षांच्या या आजारी माणसाने फराक्का धरणाविरुद्ध राजशाहीहून काढलेला मोर्चा केवळ भारतद्वेष म्हणून झटकता येणार नाही. कलकत्ता बंदरातील गाळ धुण्यासाठी वळवलेले पाणी खालच्या शेतकऱ्याच्या वाट्यातून जाते, हा त्यांचा मुद्दा नदीइतकाच खरा होता. धरणाखाली गावे गेलेल्यांशी बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना तो कळायला हवा.

महाराष्ट्रात आपल्याला हमीद दलवाईंची वाट ठाऊक आहे. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून त्यांनी धर्मचिकित्सेचा आग्रह धरला. मौलानांनी चिकित्सा केली नाही. ईश्वर सर्वांचा पालनकर्ता आहे, म्हणून जमीनही सर्वांची, असे ते सांगत. पहिल्या वाटेवर माणसे थोडी जमली, दुसरीवर लाखो. मात्र त्या लाखोंची निष्ठा पीरावर होती, कार्यक्रमावर नव्हती. आणि स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न तर त्या मोर्च्यांत कधी अग्रभागी आला नाही. दलवाईंची वाट अवघड आहे म्हणून ती सोडावी, असे मी म्हणणार नाही.

१७ नोव्हेंबर १९७६ रोजी मौलाना वारले. तरुणपणी ज्या संतोषच्या जमीनदारीशी त्यांनी कुळांच्या बाजूने झुंज घेतली, तेथेच त्यांची कबर आहे. दोन वर्षांच्या आत त्यांच्या पक्षातील मोठा गट जनरल झियाउर रहमान यांच्या नव्या पक्षात सामील झाला, आणि जाताना भाताच्या लोंबीचे निवडणूक चिन्हही बरोबर घेऊन गेला.