स्टॉलवर एकच विचारा : बिघडलं तर?

जानेवारी आला की तुमच्या फोनवर लास व्हेगासचे रील्स सुरू होतात. आरपार दिसणारा टीव्ही, घरकाम करणारा रोबो, स्टिअरिंगला हात न लावता चालणारी गाडी. ‘सीईएस’ नावाचं हे प्रदर्शन १९६७मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालं. आज तिथं चार हजारांहून जास्त कंपन्या स्टॉल मांडतात. सर्वसामान्य माणसाला आत प्रवेश नसतो. जातात ते कंपनीवाले, व्यापारी आणि पत्रकार. म्हणजे आपण जे बघून ‘लई भारी’ म्हणतो, ती मुळात धंदेवाल्यांनी धंदेवाल्यांसाठी भरवलेली जत्रा आहे.

कुंडलमध्ये बसून आपल्याला त्याचं काय, असं वाटेल. पण टीव्ही-मोबाइलच्या या जत्रेत आता ट्रॅक्टरही येतोय. २०२२मध्ये जॉन डिअर कंपनीनं तिथं ड्रायव्हरशिवाय चालणारा ट्रॅक्टर दाखवला. जानेवारी २०२५मध्ये त्याची पुढची पिढी आणली. चारी बाजूंना मिळून १६ कॅमेरे. फोनवर बोट फिरवलं की गडी कामाला लागला!

ते प्रदर्शन १० जानेवारीला संपलं आणि १५ तारखेला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच कंपनीवर खटला भरला. बाजारात कुणाची मक्तेदारी होऊ नये, हे बघणारी ही सरकारी यंत्रणा. तिचं म्हणणं असं, की यंत्राची पूर्ण दुरुस्ती करता येईल असं सॉफ्टवेअर कंपनी फक्त अधिकृत डीलरनाच देते. त्यामुळे शेतकरी किंवा त्याचा नेहमीचा मेकॅनिक ते काम करू शकत नाही. कंपनीनं आरोप नाकारले. खटल्याचं काहीही होवो, पण स्टॉलवरच्या झगमगाटात जे विचारायचं राहून गेलं, ते पाच दिवसांत कोर्टात पोचलं.

कुंडलच्या मातीला हा विषय नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा दोन वर्षं तो कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, असा समज होता. त्या समजावर आज आपण हसतो. पण लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो नीट करून देत होता, हेही लक्षात घ्या. पुढं १९१०मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना आला. तेव्हाचं ‘कुंडल रोड’ स्टेशन पुढं किर्लोस्करवाडी झालं. आजूबाजूच्या गावांतली माणसं तिथं काम शिकली. नवं यंत्र नुसतं गावात आलं नाही, ते समजणारे हातही इथंच तयार झाले.

आज पुन्हा तशीच वेळ आहे. लास व्हेगासला जायला नको. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात ‘किसान’ भरतं, बारामतीला जानेवारीत ‘कृषिक’. बारामतीत उसासाठी एआयचा प्रयोग सुरू आहे. शेतातले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची माहिती जोडून पाणी-खताचा सल्ला थेट फोनवर येतो. ऊसपट्ट्यातल्या पोरांनी तो बघायलाच हवा. फक्त जाताना सेल्फी स्टिकसोबत चार प्रश्नही घेऊन जा.

पहिला : दुरुस्ती कुठं होते, सांगलीत की थेट पुण्यात? ऐन फवारणीत ड्रोन आठ दिवस सर्व्हिस सेंटरला पडला, तर द्राक्षबाग थांबणार नाही.

दुसरा : सुटे भाग मिळतात का, केवढ्याला? फवारणीचा ड्रोन एका बॅटरीवर काही मिनिटंच उडतो. म्हणजे किंमत ड्रोनची विचारताय, पण पुढचा खर्च बॅटऱ्यांचा आहे.

तिसरा : रेंज गेली किंवा कंपनीच बंद पडली तर? ॲप चाललं नाही तरी विहिरीवरची मोटर हातानं सुरू व्हायला पाहिजे.

चौथा : शेतातली माहिती कुणाची? सेन्सर तुमच्या रानात, वर्षाचं सबस्क्रिप्शन तुमच्या खिशातून, मग आकडे कंपनी आणखी कुणाला देते?

सेल्समन यातल्या किती प्रश्नांना सरळ उत्तर देतो, तेवढं बघा. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणं यांच्यासोबत शेतीची यंत्रंही आहेत. पण पोर्टल माहिती देईल, पाना हातात घेऊन बांधावर येणार नाही.

ते काम कुणाचं? ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. त्यात ड्रोन उडवणारीला १५ दिवसांचं प्रशिक्षण, तर जोडणी आणि किरकोळ दुरुस्ती बघणाऱ्या सहायकाला ५ दिवसांचं. एवढ्यात बॅटरी, मोटर, सर्किट किती समजणार? उरलेली जागा तुमची आहे. तुम्ही आयटीआयला असा, डिप्लोमाला असा किंवा बीएस्सीला, प्रदर्शनात शेवटी एक पाचवा प्रश्न जरूर विचारा : ‘हे खोलून दुरुस्त करायला आम्हाला शिकवता का?’

जो स्टॉलवाला ‘हो’ म्हणेल, त्याचं कार्ड तेवढं जपून ठेवा.