जनमत कौलाने वंशाची रेषा आखली नव्हती




१६ जानेवारीला जनमत कौलाच्या स्मरणार्थ अस्मिताय दीस साजरा होतो आणि त्याच्या आगेमागे एक युक्तिवाद गोव्यात हमखास कानावर येतो. १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी आपली वेगळी ओळख राखली, तेव्हा आता ‘गोमंतकीय कोण’ हेही कायद्याने ठरवा. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती होण्यापूर्वी जो स्वतः, किंवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा गोव्यात जन्मले, तोच गोमंतकीय. रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाच्या ‘पोगो’ (पर्सन ऑफ गोवन ओरिजिन) विधेयकाचा गाभा हाच आहे. विधानसभेने ते स्वीकारले नाही, पण मागणी जिवंत आहे. या व्याख्येला माझा विरोध आहे आणि त्याचा आधार मी त्याच कौलात शोधतो.

१९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची सत्ता आली होती. गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेणे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांना अवघड नव्हते. पण एवढा मोठा निर्णय आमदारांनी घेऊ नये, तो थेट लोकांनी घ्यावा, असा आग्रह डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने धरला आणि संसदेने कौलासाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सत्तेवरचे सरकार एका बाजूचे असताना मतदान निःपक्ष कसे होणार, ही शंका रास्त होती. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण दोन पानांचा प्रचार हिरिरीने करणारे मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होते. मराठी विरुद्ध कोकणी असा सरळ सामना तो नव्हता. एकाच घरात, एकाच वाड्यावर दोन्ही बाजूंची माणसे होती. निकालानंतर फुलाला मत देणाऱ्या एकालाही कुणी ‘तू गोमंतकीय नाहीस’ असे म्हटले नाही. काही महिन्यांतच निवडणूक झाली, हरलेल्या बाजूचा पक्ष पुन्हा निवडून आला आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. कौलावर लोकांचा विश्वास बसला तो यामुळे. मतदान प्रदेशाच्या भवितव्यावर होते. हरल्यावर कुणाचे घर किंवा मत जाणार नव्हते.

आणि मत कुणाला होते? मतदारयादीत ज्याचे नाव, त्याला. धोबीतलावच्या कूडांत (गाववार वसतिगृहांत) राहणाऱ्या, गावी चर्चच्या फेस्ताला येणाऱ्या मुंबईकर गोमंतकीयांनाही मत द्यावे, अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. त्यांचा गोव्याशी असलेला जिव्हाळा खोटा नव्हता. पण निर्णय इथे राहणाऱ्यांनी घ्यायचा, हे सूत्र ठरले. ज्या कौलाने वंशापेक्षा रहिवास मोठा मानला, त्याचे नाव घेऊन आज वंशाची अट घालणे मला अन्यायाचे वाटते.

माझे वडील १९६४ मध्ये कुडाळहून डिचोली तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून आले. मुक्तीनंतर गावोगाव शाळा निघाल्या तेव्हा असे अनेक शिक्षक आजच्या सिंधुदुर्गातून आले. त्यांनी शिकवलेली मुले पुढे तलाठी, डॉक्टर, सरपंच झाली. माझा जन्म इथला, माझ्या मुलीचाही इथलाच. नव्या व्याख्येत मुलगी कदाचित तिच्या आईच्या बाजूने बसेल, मी बसणार नाही. उलट, मुक्तीपूर्वीच्या जन्माच्या नोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्थिरावलेल्या माणसाचे आजोबा इथले असल्याने तो वंशाच्या कसोटीला सहज उतरेल, जरी भारतीय नागरिकत्व कायद्यानुसार त्याचे नागरिकत्व संपले असले तरी. पोटासाठी परदेशी गेलेल्यांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्या घरात म्हातारी माणसे एकटी राहतात हे आम्ही पाहतो. परंतु जी व्याख्या इथे साठ वर्षे राबलेल्या कुटुंबाला बाहेर ठेवते, ती न्यायाची नव्हे.

बाहेरून येणाऱ्यांबद्दलची गोमंतकीयांची भीती मात्र खरी आहे आणि तिला संकुचित म्हणून झटकणाऱ्यांशीही माझे पटत नाही. १९६० मध्ये गोव्याची लोकसंख्या सुमारे ५.९ लाख होती, २०११ च्या जनगणनेत ती १४.५८ लाख झाली. डोंगर कापले जात आहेत, शेते वसाहतींखाली जात आहेत. पण डोंगर कोण विकत घेतो? झुआरीनगरच्या खोलीत राहणारा परप्रांतीय गवंडी नाही घेत. जमिनीचे रूपांतर सोपे करून देणारी नगरनियोजन कायद्याची १७(२) आणि ३९(अ) ही कलमे विधानसभेत मंजूर झाली, तिथे वंशाने गोमंतकीय असलेल्या आमदारांची वानवा नव्हती. जमीन विकणारे हातही बहुधा इथलेच असतात. राग मात्र ‘घाटी’ म्हणून मजुरावर निघतो, आणि हा शब्द आता शाळकरी मुलांच्या तोंडीही ऐकू येतो, याचे मला फार वाईट वाटते.

राज्यघटनेचे कलम १६(२) सरकारी नोकरीत वंश आणि जन्मस्थान यांवरून भेद करायला मनाई करते. रहिवासाच्या अटीसाठी मात्र १६(३) मध्ये संसदेमार्फत वाट ठेवली आहे. नोकऱ्यांसाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आपल्याकडे मागितला जातोच. तो खोटा मिळू नये यासाठी तपासणी कडक करा, कोकणीच्या ज्ञानाचा आग्रह धरा, मी पाठिंबा देईन. परप्रांतीय असो वा स्थानिक, शेतजमीन आणि डोंगर कुणालाच बांधकामासाठी मिळणार नाही, असा कायदा करा.

तेव्हा माझी विनंती आहे की अस्मितेच्या नावाने मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला वाचकांनी एवढेच विचारावे: १७(२) आणि ३९(अ) रद्द करण्याच्या बाजूने तुम्ही विधानसभेत हात वर करणार की नाही?

आपला,
एक वाचक, डिचोली (गोवा)