एकच नंबर, दोन वर्षं: जुनी जपानी गिटार ओळखताना एआय कुठे फसतं

मागच्या महिन्यात अलिबागच्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर सहा फोटो पाठवले. काळी इलेक्ट्रिक गिटार, वर आयबानेझ असं नाव, तारा गंजलेल्या. त्याचे बाबा मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी जपानहून आणलेली. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. खाली मेसेज होता: "एआयला नंबर टाकून विचारलं. १९८० जून म्हणे. लॉसूट एरा! बाहेरचा एक जण चांगले पैसे देतोय. तू वाजवतोस ना, एकदा बघ."

मी बघितलं आणि पहिली शंका आली ती आकाराची. पण त्याआधी प्रश्न असा, की बाहेरच्या माणसाला अलिबागच्या कपाटावरची गिटार का हवी आहे?

याचं एक मोठं कारण म्हणजे येन. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६१ च्या वर येन मिळत होते. १९८६ नंतर येन इतका स्वस्त झाला नव्हता. टोकियोच्या ओचानोमिझु भागात गिटारच्या दुकानांची अख्खी रांग आहे. डॉलर खिशात असणाऱ्याला तिथला माल अचानक स्वस्त दिसायला लागला. मग ऑगस्ट २०२५ अखेर अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना असलेली आयातशुल्काची सूट सगळ्या देशांसाठी बंद केली. म्हणजे माल स्वस्त, पण मागवणं महाग आणि कटकटीचं. अशा बाजारात 'कुठल्या वर्षाची' या एका शब्दावर किंमत बरीच हलते. आणि ते वर्ष हल्ली कोण सांगतं? चॅटबॉट.

आता नंबर बघू. मित्राचा खरा नंबर देत नाही, पण धाटणी अशी: एफ८०१२३४. एक अक्षर, सहा आकडे.

आयबानेझ हा नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीचा ब्रँड. गिटार बनायच्या मुख्यतः मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात. १९७५ पासूनची पद्धत अशी होती: पहिलं अक्षर म्हणजे महिना (ए जानेवारी, एल डिसेंबर), पुढचे दोन आकडे वर्ष, उरलेले चार अनुक्रमांक. या हिशोबाने एफ म्हणजे जून, ८० म्हणजे १९८०. एआयने हेच केलं.

पण १९८७ च्या सुमारास पद्धत बदलली. आता एफ म्हणजे फुजिगेन, पुढचा एकच आकडा वर्षाचा, आणि मागचे पाच अनुक्रमांक. म्हणजे तोच एफ८०१२३४ झाला १९८८ मधला १२३४ वा नग!

सॉफ्टवेअरवाल्यांच्या हे लगेच लक्षात येईल. फॉरमॅट बदलला, लांबी तीच ठेवली, व्हर्जन कुठेच लिहिलं नाही. असा डेटा आमच्याकडे आला तर आम्ही आधी शिव्या घालतो आणि मग दुसरा एखादा कॉलम शोधतो, ज्यावरून जुनी नोंद की नवी ते कळेल. नुसत्या नंबरवरून ते कळणं शक्यच नाही, मॉडेल कितीही हुशार असो. चॅटबॉटची चूक आकडेमोडीत नव्हती. दोन उत्तरं संभवतात हे त्याने सांगितलंच नाही, ही खरी चूक. मी त्याला मुद्दाम परत विचारलं, "हा नंबर १९८८ चा असू शकतो का?" तर लगेच "हो, अगदी बरोबर" म्हणून मोकळा. आधीच्या उत्तरावर ठाम, नंतरच्या उत्तरावरही ठाम.

इथे दुसरा कॉलम म्हणजे गिटार स्वतः. शनिवारी अलिबागला गेलो. मित्राच्या आईने चहा ठेवला आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली. हेडस्टॉक टोकदार. नटच्या जागी तारा आवळून धरणारं लॉक. खाली एज ट्रेमोलो, म्हणजे आयबानेझचा तारा वर-खाली खेचणारा दांडीवाला ब्रिज, जो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आला. अंगाचा आकार आरजी मालिकेचा, आणि आरजी सुरू झाली १९८७ मध्ये. विषय संपला. जून १९८० मध्ये ही गिटार बनूच शकत नाही.

तरी मान सोडवून बघितली, कारण नंबर आणि सुटे भाग बदलता येतात. मानेच्या टाचेवर कधीकधी तारखेचा शिक्का सापडतो, इथे सापडला नाही. पण स्क्रूची भोकं मूळचीच, खोबणीत रंग अस्पर्श, वायरिंगचं सोल्डर कुणी छेडलेलं नाही. हे जास्त मोलाचं. (परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात 'टक' करून बसला की मग आवळायचा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि मान सैल होते.)

आता 'लॉसूट एरा' या शब्दाबद्दल. जाहिरातींत कुठल्याही जुन्या जपानी गिटारला तो चिकटवतात. खरा दावा एकच: जून १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर फिलाडेल्फियात लावलेला, आणि तोही हेडस्टॉकच्या आकारावरून. गंमत म्हणजे तोवर आयबानेझने तो आकार बदललेला होता. १९७८ मध्ये प्रकरण बाहेरच मिटलं. ग्रेको, टोकाई वगैरे त्या दाव्यात नव्हते. म्हणजे आमची गिटार खरोखर जून १९८० ची असती, तरी ती 'लॉसूट' ठरली नसतीच.

आकारांचं भांडण मात्र आजही चालू आहे. गिब्सन विरुद्ध डीन गिटार्स या खटल्यात २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने आधीचा निकाल रद्द करून फेरसुनावणी लावली. कारण हेच आकार इतर कंपन्या पूर्वीपासून वापरत होत्या, याचा जुना पुरावा ज्यूरीपुढे येऊ दिला नव्हता. २०२५ च्या फेरसुनावणीत गिब्सनचा ईएस हा आकार सर्वसामान्य ठरला, कुणा एकाचा नाही. कोण कधी काय बनवत होतं, हे कोर्टातही निर्णायक ठरतं. म्हणून गिटारचं साल चुकीचं लिहिणं मला तरी किरकोळ वाटत नाही.

मित्राचा चेहरा पडला होता. मला मात्र तो पडायचं कारण दिसेना. सप्टेंबर १९८५ मध्ये प्लाझा करार झाला तेव्हा डॉलरला साधारण २४० येन होते. १९८८ पर्यंत तो भाव १३० च्या आसपास आला. जपानी मालाची डॉलरमधली किंमत जवळपास दुप्पट. स्वस्त गिटारींचं काम कोरियाकडे गेलं. मात्सुमोतोतलाच मात्सुमोकु कारखाना, ज्याने आधी सिंगर शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवल्या आणि मग गिटार, तो १९८७ मध्ये बंद पडला. जे टिकले त्यांना स्वस्तात नक्कल विकून भागणार नव्हतं. स्वतःचं डिझाइन आणि कुणी बोट ठेवू नये असं फिनिशिंग, यावरच विकायचं होतं. ही त्या काळातली गिटार आहे. पातळ मान, कडेने बोट फिरवलं तर एकही फ्रेट टोचत नाही, आणि कोकणच्या दमट हवेत इतकी वर्षं कपाटावर राहूनही मान जवळजवळ सरळ. फ्रेटबोर्ड रोझवूडचा. म्हणजे ज्या कुळातलं आपल्याकडचं शिसव, त्यातलाच.

नव्या तारा चढवल्यावर मी तासभर वाजवली. १९८० च्या भावाने नसेल, पण विकत घ्यावीशी मलाच वाटली. तसं बोललो नाही, कारण त्या क्षणी ते बरं दिसलं नसतं.

गिऱ्हाइकाला कळवायचं की नाही यावर मित्र दोन दिवस अडून होता. "त्यानेच एआयला विचारून नक्की केलंय, मी कुठे खोटं बोललो?" हा त्याचा मुद्दा. मी म्हटलं, तोवर तुला माहीत नव्हतं, आता आहे. शेवटी त्याने १९८८ लिहून पाठवलं, ट्रेमोलोच्या फोटोसकट. ऑफर साधारण एक तृतीयांश कमी झाली, पण मोडली नाही.

काकूंना मात्र साल कमी झाल्याचं काहीच वाटलं नाही. "१९८० ला हे बोटीवर लागलेच नव्हते, मी तेव्हाच म्हटलं होतं," असं म्हणत त्या आत गेल्या आणि बाबांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, घेऊन आल्या. मार्च १९८९, जहाजावरून उतरल्याचा शिक्का, बंदर योकोहामा. मित्राने त्या पानाचा फोटो काढला. ऑफरला अजून उत्तर दिलेलं नाही.