गृहप्रश्न : खेळांतील बंदुकीस बळ कशाचें?

उल्हासनगर कॅम्प २ येथील एका भगिनींनी विचारलें आहे : ‘चौदा वर्षांच्या पुतण्यास एअरसॉफ्ट बंदूक हवी आहे. स्प्रिंगची घ्यावी, वायूची कीं बॅटरीची? घरांत लहान मुलेंहि आहेत.’

या बंदुकींतून ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या वा वायूच्या दाबानें सुटते. तो दाब कसा उत्पन्न होतो, एवढाच या तीन प्रकारांत भेद आहे.

वायूच्या बंदुकींत प्रोपेन किंवा कार्बन डायऑक्साइड द्रवरूपानें भरतात. कार्बन डायऑक्साइडच्या नळींतील दाब २० अंश उष्णतामानास हवेच्या नित्य दाबाच्या सुमारें ५७ पट, तर ३० अंशांस सुमारें ७१ पट असतो. अर्थात् वैशाखांत तीच बंदूक अधिक जोरानें मारणार! प्रोपेन तर ज्वालाग्राही. शेगडी नि समई असलेल्या घरांत तें नकोच.

विजेच्या बंदुकींत बॅटरीवरील मोटर स्प्रिंग दाबते, व चाप धरून ठेवल्यास गोळ्यांचा वर्षाव होतो. लिथियमची बॅटरी फुगल्यास वा प्रमाणाबाहेर चार्ज केल्यास पेट घेऊं शकते. ती रात्रभर लावून निजणें अविचाराचें होय.

साध्या स्प्रिंगच्या बंदुकींत प्रत्येक गोळीपूर्वीं दट्ट्या हातानें मागें ओढावा लागतो. मुलांस ही उणीव वाटते. आम्हांस हाच गुण वाटतो. हात थांबला कीं विचारास अवसर मिळतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यानें २०२२ सालीं कैरो येथें १० मीटर एअर रायफलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. तें साधन निराळें. परंतु तेथेंहि प्रत्येक छरा स्वतंत्र भरावा लागतो.

तथापि स्प्रिंग म्हणजे निर्धोक नव्हे. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदास १०० मीटर वेगानें सुटली तर तिची ऊर्जा अवघी १ ज्यूल भरते. पण तेवढ्यानेंहि डोळा कायमचा जाऊं शकतो. म्हणून दुकानदारास ज्यूलचा आंकडा विचारावा व १ पेक्षां कमी असेल तीच बंदूक घ्यावी. आपली वस्ती फाळणीनंतर निर्वासितांस मिळालेल्या लष्करी बराकींभोंवतीं वाढलेली. माणसें पुष्कळ, अंगण थोडें. तेव्हां गल्लींत बंदूक नेऊं देऊं नये. खोक्यांत जाड कापड टांगून तेंच लक्ष्य करावें. मारणाराच्याच नव्हे, तर पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. खेळ संपतांच बंदूक रिकामी करून कपाटांत ठेवावी, आणि किल्ली वडील माणसापाशीं असावी.

एवढें पाळणें शक्य असेल तर स्प्रिंगची खुशाल घ्यावी. नसेल तर तिन्हींपैकीं एकहि नको.